पूर्वेकडचा कोपरा

"इथं नको," खमैस म्हणाला.

रिहाब चुन्याच्या रेषेवर उकिडवी बसून टेपचं टोक खुंटीला अडकवत होती. तिने मान वर केली नाही. "काय नको, काका?"

"हे बॅटऱ्यांचे कंटेनर. दुसरीकडं कुठंतरी ठेवा."

"दुसरीकडं कुठं, तुमच्या डोक्यावर?" ती हसली. "एकेक कंटेनर तीस टनांचा आहे. टेकडीवर ठेवले तर खाली कचरा, खचतील. म्हणून वर पॅनेल आणि पायथ्याला पक्क्या जमिनीवर बॅटऱ्या. दिवसा ऊन साठवायचं, संध्याकाळी वस्तीला वीज द्यायची. आणि पक्की जमीन म्हणाल तर हा एवढा पूर्वेकडचा कोपरा."

"पक्की नाहीये ती."

आता तिने वर पाहिलं. तीस वर्षांची, सफाकस शहराकडची इंजिनिअर. चार महिन्यांत तिने टेकडी अशी पालथी घातली होती की कामावरची माणसं तिला पाठीमागे 'शेळी' म्हणत. तिने नकाशा उलगडून वाळूवर पसरला. "हे बघा, ही कुंपणाची रेषा. आत कचरा, बाहेर माती. आम्ही इथं तीन भोकं पाडून बघितलं. तिन्हीकडं मातीच निघाली."

"तिन्ही रस्त्याच्या बाजूला पाडलीत."

"बरं, मग?"

त्या 'मग'चं उत्तर खमैसकडे होतं. पंधरा वर्षं होतं. त्याने डोक्यावरची लाल शाशिया काढली, कपाळाचा घाम पुसला आणि ती परत घातली. "काही नाही. म्हातारा माणूस, बडबडतो झालं."

"काका, सफाकसचा माणूस फुकटची गोष्ट सोडत नाही, मग तो सल्ला का असेना. काही असेल तर सांगा."

"चहा उकळून कडू होईल," असं म्हणून तो फाटकाजवळच्या आपल्या खोलीकडे वळला.

हंशीर सिद्राची ही टेकडी खमैसने हाताने रचली, असं म्हटलं तर फारसं चुकीचं होणार नाही. तो इथे आला तेव्हा सपाट रान होतं. राजधानीच्या उत्तरेकडच्या वस्त्यांचा कचरा ट्रकांनी येऊन पडायचा आणि खमैस बुलडोझरने तो ढकलायचा, दाबायचा, वर माती ओढायचा. अशी बावीस वर्षं. टेकडीच्या कुठल्या थरात काय आहे हे त्याला घरच्या फडताळासारखं ठाऊक होतं. इथे खाटीकखान्याची हाडं, तिथे जळालेल्या गालिचा-कारखान्याचं सूत, त्याच्यावर सात ईदांची मेंढ्यांची कातडी. मग शहराने दुसरीकडे जागा घेतली. टेकडीवर चिकणमाती आली, जाड काळं प्लॅस्टिक अंथरलं गेलं, पुन्हा माती पडली आणि आतला गॅस बाहेर पडावा म्हणून बेचाळीस नळ्या उभ्या राहिल्या. यंत्रं गेली, माणसं गेली. खमैस राखणदार म्हणून राहिला. रोज सकाळी मीटर घेऊन तो बेचाळीस नळ्या फिरायचा आणि आकडे वहीत लिहायचा. चौदा वर्षांच्या चौदा वह्या झाल्या, त्यातली एकही कुणी उघडून पाहिली नव्हती. तरी त्याने एकही दिवस चुकवला नव्हता, कारण चुकवून करायचं काय, हा प्रश्न होता.

घर खालच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. बायको शाझलिया अकरा वर्षांपूर्वी मुलीच्या, इब्तिसामच्या, बाळंतपणाला तिच्या गावी बिझर्तला गेली, ती परत आली नाही. भांडण झालं नव्हतं. जाताना तिने हिवाळ्यातल्या रजयाही बरोबर घेतल्या, त्यावरून खमैस काय ते समजला. तेव्हापासून तो रोज तबूनाची, मातीच्या भट्टीत भाजलेली, एकच भाकरी घ्यायचा, अर्धी खायचा आणि उरलेली अर्धी टेकडीवरच्या कुत्र्यांना घालायचा. रमजानमध्ये तो रोजा घरी न सोडता खोलीवर सोडायचा. तिथे तीन मशिदींची बांग एकदम ऐकू यायची. निदान कुणीतरी बोलावतंय असं वाटायचं.

त्यांना एक मुलगा होता, नौफल. क्रांतीच्या वर्षी मार्चमध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो होडीत बसून इटलीला निघाला. त्या महिन्यात हजारो पोरं निघाली. काही पोचली, काहींची प्रेतं किनाऱ्याला लागली. नौफल पोचलाही नाही आणि लागलाही नाही.

शुक्रवारी नमाज आटोपून खमैस मशिदीच्या पायरीवर जोडे चढवत होता, तेवढ्यात खांद्यावर हात पडला. सी तुहामी. नगरपालिकेच्या सफाई खात्याचे साहेब म्हणून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. पण खमैस अजूनही सवयीने ताठ उभा राहिला, एक जोडा पायात आणि एक हातात.

"ती सफाकसची पोरगी हापिसात आली होती," सी तुहामी हळूच म्हणाले. "जुने नकाशे मागत होती. पूर्वेच्या कोपऱ्यात कधी काही टाकलं होतं का, म्हणून विचारत होती. तिच्या डोक्यात हा किडा कुणी सोडला?"

"मी नुसतं म्हटलं, जमीन कच्ची आहे."

"नुसतं! अरे, संप होता त्या वर्षी. शहर सडत होतं, तुझ्या फाटकावर कचरा पेटलेला होता. कुठंतरी टाकायलाच हवा होता, तो कुंपणाबाहेर टाकला. अकरा आठवडे टाकला आणि वर माती ओढली. आणि टेकडी बंद करताना 'कुंपणाबाहेर काही नाही' ह्या कागदावर सही कुणाची आहे?"

"तुमची. आणि माझी."

"पेन्शनला किती राहिले तुला?"

"पाच महिने."

"मग पाच महिने मिठाची गुळणी धरून बस. सगळा जन्म घाणीत काढलास, आता म्हातारपणी अत्तर लावायला निघालास होय?"

"सी तुहामी, बॅटऱ्या आहेत त्या. खाली गॅस आहे. केबलच्या चरातून आत शिरला आणि कुठं ठिणगी पडली तर? खाली वस्ती आहे."

"पंधरा वर्षांत उडून गेला असेल गॅस."

"माझ्या नळ्यांतून अजून येतो. रोज मोजतो की मी."

सी तुहामींनी खमैसचा दंड धरला आणि ते एकदम वेगळ्या, जुन्या ओळखीच्या आवाजात म्हणाले, "खमैस, नातवंडं आहेत रे मला. ह्या वयात चौकशी नको."

खमैसला त्यांची कीव आली. पण खरं सांगायचं तर त्याला गप्प बसवायला सी तुहामींच्या धाकाची गरज नव्हती. त्याचं स्वतःचं कारण त्याहून मोठं होतं आणि ते सी तुहामींनाच काय, कुणालाच माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी पहिल्या पायाचं काँक्रीट यायचं होतं. टेकडीच्या दक्षिण उतारावर पॅनेलच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. जमिनीत खुंटी ठोकायची नाही, काळं प्लॅस्टिक फाटता कामा नये, म्हणून सिमेंटच्या ठोकळ्यांवर सांगाडे आणि त्यांवर काच. खमैस त्या रांगांमधून वाकत, बसत आपल्या बेचाळीस नळ्या फिरला. वहीत आकडे लिहिले. मग मीटर हातात तसाच ठेवून तो खाली पूर्वेच्या कोपऱ्यात उतरला.

रिहाब फोनवर होती. "हो, हो, उजवीकडच्या रस्त्यानं या, फाटक उघडंच आहे..."

"ट्रक थांबवा," खमैस म्हणाला.

तिने फोनवर हात ठेवला. "काका, आत्ता नको हं."

"पोरी, इथं झाड जगत नाही."

"कुठलं झाड?"

"ऑलिव्हचं." त्याने बोट केलं. चुन्याच्या चौकोनाच्या थोडं पलीकडे तीन वाळके खुंट उभे होते. "तीनदा लावलं. पाणी घातलं, खत घातलं. दर वेळी दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडतात. बुंध्याशी उकरून बघितलं तर मुळं काळी. ऑलिव्ह दगडात जगतं, आणि इथं मरतं."

रिहाब इंजिनिअर होती, तिला एवढं पुरे झालं. "थांबा. मी फोन करते," असं फोनवर सांगून तिने हाताने फिरवायचं ड्रिल मागवलं. दोन गड्यांनी ते वाळक्या खुंटांजवळ टेकवलं. हातभर खाली मातीच होती. आणखी हातभर, तरी माती. त्यानंतर मात्र लोखंड एकदम खाली सरकलं, लोण्यात सुरी शिरावी तसं, आणि कुजलेल्या भाजीचा नि अंड्यांचा जुना वास वर आला. खमैसने मीटर भोकावर धरला. मीटर किंचाळायला लागला. गड्यांनी कुणी न सांगता ओठांतल्या सिगारेटी लांब नेऊन पायाखाली चिरडल्या.

ड्रिलच्या पात्याला दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि लाल लोकरीचं सूत लागून आलं होतं. रिहाबने ते बोटांनी सोडवलं. मग ती एका सिमेंटच्या ठोकळ्यावर जाऊन बसली.

"केवढा आहे हा?"

"एकशे दहा पावलं लांब, चाळीस रुंद. रस्त्यापासून बारा पावलं सोडून."

"टाकला कुणी?"

"मशीन मी चालवत होतो."

"आणि तुम्ही आज सांगताय! ट्रक रस्त्यात असताना!" तिचा आवाज चढला. गडी लांब जाऊन उभे राहिले. "कधी टाकला?"

"क्रांतीच्या वर्षी. सतरा फेब्रुवारीला पहिला ट्रक इथं रिकामा झाला. चार मार्चला मी बरोबर त्या मधल्या भागात होतो. मेच्या पहिल्या आठवड्यात वर माती ओढली."

राग रिहाबच्या चेहऱ्यावर तसाच होता, पण त्यात आता दुसरंही काही आलं होतं. "पंधरा वर्षांपूर्वीच्या तारखा तुम्हाला पाठ आहेत? आणि काका, एवढी मोठी जमीन पडलेली असताना तुम्ही तीनदा झाड इथंच का लावलंत?"

खमैस तिच्यासमोरच्या ठोकळ्यावर बसला. मीटर बंद करायचं राहिलं होतं, ते केलं.

चार मार्च, शुक्रवार, दुपारचे सव्वादोन. त्याआधी आठवडाभर बापलेकांचं बोलणं बंद होतं. नौफलने वीजकामाचा डिप्लोमा करून दोन वर्षं झाली होती आणि काम मिळालं नव्हतं. आठवड्यापूर्वी कॉफीच्या दुकानात, चार लोकांत, खमैस त्याला बोलला होता: 'बापाच्या कचऱ्यावर जगतोस आणि वर तोंड करून बोलतोस?' आणि आता पोरगा इथे कोपऱ्यात येऊन उभा होता. हात हलवत होता, ओरडून काहीतरी सांगत होता. बुलडोझर चालू होता, मागे तीन ट्रक ताटकळले होते. खमैसला वाटलं, परत भांडायला आला. त्याने तळहात वर केला. नंतर. मग पुन्हा एकदा, जोरात: नंतर!

"थोडा वेळ उभा राहिला," खमैस म्हणाला. "मग गेला. मी वळून पण बघितलं नाही."

रिहाबने हातातलं लोकरीचं सूत बाजूला ठेवलं.

"संध्याकाळी खोलीत गेलो, तर खिळ्याला त्याचं निळं जाकीट. माझा हिरवा स्वेटर नव्हता. नगरपालिकेचा, जाड. समुद्रावर थंडी असते ना. तो घ्यायला आला असेल. किंवा सांगायला. दोन दिवसांनी होडीचं कळलं. त्याची आई सगळ्यांना सांगत सुटली, निळं जाकीट घालून गेलाय, निळं जाकीट. सकाळी तिनं घरातून जाताना पाहिलेलं ते. मी तिथंच उभा होतो. सांगायचं म्हटलं, तर ती विचारणार, तुझ्यापाशी आला आणि तू काय केलंस? आज सांगू, उद्या सांगू. आणि जाकीट खोलीत माझ्यासमोर लटकलेलं." त्याने मीटर शेजारी ठेवला. "एक दिवस काढलं आणि मशीनच्या पात्यासमोर टाकलं. इथंच."

वरच्या रांगांवर कुणीतरी स्क्रू आवळत होतं, त्याचा आवाज येत होता. रिहाब उठली, पँटची धूळ झटकली.

"सहा आठवडे गेले माझे, काका."

"हो."

"लेखी द्यावं लागेल तुम्हाला. कचऱ्याचं. बाकीचं नाही, बाकीचं कशाला. द्याल?"

"देईन."

तिने फोन लावला आणि ट्रक परत पाठवला.

चौकशीला तीन साहेब बसले. कुणाच्या हुकमाने टाकलं, असं त्यांनी विचारलं. खमैस म्हणाला, "त्या वर्षी हुकूम द्यायला जागेवर होतं कोण, साहेब? मशीन मी चालवत होतो, तेवढं लिहा." त्यांनी तेवढंच लिहिलं. सी तुहामी त्यानंतर मशिदीत दुसऱ्या दारानं येऊ लागले. ईदला मात्र त्यांच्या घरून बकलाव्याचं ताट आलं, निरोपाशिवाय.

पेन्शन राहिली, राखणदारी गेली. कारण पूर्वेचा कोपरा बाद झाल्यावर पक्की जमीन उरली ती फक्त फाटकाजवळची आणि तिच्यावर खमैसची खोली उभी होती. हे सांगायला रिहाब स्वतः आली. "मी दुसरी जागा खूप शोधली, काका," ती म्हणाली.

"खोली काय, चार भिंती," खमैस म्हणाला. चहाची किटली, शेगडी आणि चौदा वह्या त्याने हातगाडीवर घातल्या. भिंतीतला खिळा तसाच राहू दिला. पूर्वेच्या कोपऱ्याला जाळी लागली, तिथे तीन नव्या नळ्या आल्या, त्रेचाळीस ते पंचेचाळीस. आता सगळ्या नळ्यांना यंत्रं बसली होती आणि आकडे आपोआप कुठेतरी जात होते. खमैसला उरलेले महिने नगरपालिकेच्या गोदामात बसवलं, झाडू आणि हातमोजे वाटायला.

जुलैत उकाड्याने कहर केला. संध्याकाळ झाली की सगळीकडचे पंखे, कूलर एकदम सुरू व्हायचे आणि शहराच्या त्या बाजूची वीज जायची. दरवर्षीचंच ते. त्या दिवशीही पलीकडची वस्ती काळी झाली. खमैसने सवयीने मेणबत्ती शोधायला ड्रॉवर उघडला. पण त्याच्या गल्लीतला दिवा गेला नाही.

"खमैस!" समोरून हादी न्हावी ओरडला. अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक त्याच्या मागून डोकावत होतं. "तुझ्या टेकडीची वीज बघ रे! उकिरड्याचे पांग बारा वर्षांनी फिटतात म्हणतात, तुझ्या उकिरड्यानं चौदा घेतली!"

गल्ली हसली. बायका दारात आल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खमैसही हात वर करून हसला आणि आत आला.

आत आल्यावर त्याला करायला काही नव्हतं. एरवी वीज गेली की लवकर झोपायला निमित्त मिळायचं. आज खोलीतलं सगळं लख्ख दिसत होतं: एक खुर्ची, एक ताट, पलंगाच्या एकाच बाजूला चुरगळलेली चादर. संध्याकाळ संपता संपेना. साडेआठला त्याने फोन उचलला.

"मी बोलतोय."

"कळलं. नाव येतं इथं," शाझलिया म्हणाली. मागे टीव्ही चालू होता. "बरा आहेस?"

"बराय. इब्तिसाम, पोरं?"

"बरी आहेत."

एवढं झालं की दोघांचं बोलणं नेहमी संपायचं. खमैसने भिंतीला हात टेकला. "शाझलिया, त्या दिवशी तो माझ्याकडं आला होता."

टीव्हीचा आवाज बंद झाला. कोण आला होता, असं तिने विचारलं नाही. कधी, का, तेही नाही. तिने विचारलं, "काय घातलं होतं?"

"माझा हिरवा स्वेटर. नगरपालिकेचा. निळं जाकीट त्यानं माझ्या खोलीत काढून ठेवलं होतं."

"कुठंय?"

"नाही आता. पुरलं मी."

तिकडे कुठलंतरी दार लोटलं गेलं. मग तिचा आवाज आला. रडका नव्हता. थकलेला, सरळ होता. "त्या इटलीहून आलेल्या बाईनं मला फोटो दाखवले होते, खमैस. चाळीस-पंचेचाळीस असतील. चेहरे राहिलेले नसतात त्यांना. कपड्यांवरून ओळखा म्हणाली. मी पान उलटत होते आणि निळं शोधत होते."

खमैस भिंतीला पाठ लावून खाली बसला.

"बुधवारी ते बेपत्ता पोरांचं कार्यालय उघडं असतं," ती म्हणाली. "नऊला ये."

बुधवारी तो साडेआठलाच पोचला. शाझलिया आधीच बाकावर बसलेली होती, मांडीवर काळी पर्स, केस पूर्ण पांढरे. त्याने सलाम केला, तिने मान हलवली. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून तो बसला.

आतल्या कारकुनाने फाईल काढली. तिच्या कडा मऊ पडल्या होत्या. "बदल आहे म्हणता? कशात?"

"कपड्यांत," शाझलिया म्हणाली. "निळं जाकीट खोडा. हिरवा लोकरी स्वेटर लिहा. जाड. डाव्या खिशावर..." तिने खमैसकडे पाहिलं.

"डाव्या खिशावर पिवळ्या दोऱ्यानं नगरपालिकेचा शिक्का," खमैस म्हणाला. "उजव्या कोपराला रफू केलेलं. काळ्या दोऱ्यानं."

"ते मीच केलं होतं," शाझलिया म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे.

कारकून लिहीत होता. "शेवटचं कुणी पाहिलं, त्यात 'आई, सकाळी साडेसात, राहत्या घरी' असं आहे. ते ठेवायचं?"

शाझलियाने पर्सचा पट्टा हाताभोवती गुंडाळला. तो रकाना इतकी वर्षं तिचा होता.

"खोडा," ती म्हणाली.

"मग काय लिहू?"

खमैस खुर्चीत पुढे सरकला. "बाप. दुपारी सव्वादोन. हंशीर सिद्रा, पूर्वेचा कोपरा."

"जाताना काही बोलला का?"

"बोलला. मला ऐकू आलं नाही."

कारकुनाने पेन उचललं आणि त्या दोघांकडे पाहिलं. मग त्याने ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे केला. इटलीकडे पाठवतो, ते जुने फोटो परत मागवतो, पण वेळ लागेल, असं म्हणाला. वेळ लागेल, हे त्यांना नवं नव्हतं.

बाब सादूनच्या गाडीतळापर्यंत ती दोघं चालत गेली. ती दोन पावलं पुढे, तो मागे. वाटेत लबलाबीच्या दुकानातून गरम हरभऱ्यांचा वास आला. तो म्हणाला, "खातेस का थोडं?" ती नको म्हणाली. नाक्यावर रस्ता ओलांडताना मात्र ती थांबली, तो शेजारी येईपर्यंत.

"मला अजून राग येतोय तुझा," ती सिग्नलकडे बघत म्हणाली.

"हो."

"पुष्कळ दिवस येईल."

"येऊ दे," खमैस म्हणाला.

बिझर्तची गाडी आठ माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. सात जण झाले होते. शाझलिया खिडकीशी बसली होती, तिच्या शेजारची जागा मोकळी होती. ड्रायव्हर दाराशी उभा राहून ओरडत होता, "बिझर्त! बिझर्त! एकच जागा!" त्याने खमैसकडे पाहिलं. "काका, बिझर्त?"

शाझलियाने खिडकीतून पाहिलं. ये म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.

"नाही," खमैस म्हणाला. "बायको चाललीय माझी."

तेवढ्यात एक विद्यार्थिनी पुस्तकं छातीशी धरून धावत आली आणि त्या जागेवर बसली. "चला, निरोप घेऊन टाका काका, दार लावतो," ड्रायव्हर म्हणाला.

खमैस खिडकीपाशी गेला. काच अर्धी उघडी होती. सांगायचं पुष्कळ होतं, पण गाडी सुरू झालेली होती आणि तिच्या आवाजावर आवाज काढून त्याने एवढंच म्हटलं, "पोचलीस की फोन कर."

"काय?" तिने कान पुढे केला.

"पोचलीस की फोन कर!"

"करते," ती म्हणाली.

गाडी वळून मोठ्या रस्त्याला लागली. खमैसची बस समोरच्याच थांब्यावरून सुटायची. तो तिथे गेला नाही. गाडीतळावरच्या पत्र्याच्या सावलीत एका बाकाच्या टोकाला बसला आणि फोन गुडघ्यावर ठेवला. बिझर्तच्या आणखी दोन गाड्या भरल्या आणि सुटल्या. ड्रायव्हर लोक त्याला विचारून थकले. उन्हाची रेघ सरकत त्याच्या पावलांवर आली, त्याने पाय आत घेतले. सव्वा तासाने फोन वाजला.

"पोचले," शाझलिया म्हणाली.

"बरं."

तिने फोन लगेच ठेवला नाही. तिकडच्या रस्त्यावरची रहदारी ऐकू येत होती, कुणीतरी मासे विकत होतं. त्यानेही ठेवला नाही. मग तिकडून फोन बंद झाला.

खमैस उठला, शाशिया सारखी केली आणि शेजारच्या माणसाला विचारलं, आपली बस गेली का अजून यायची आहे.